कोरोनानंतर पडद्यात रक्त उतरले. डोळ्यात इंजेक्शन घ्यावे का?

'मोठ्या भावाला कोरोनाचा न्यूमोनिया झाला होता. त्यातून तो वाचला, पण दीड महिन्याने डाव्या डोळ्याला अंधुक दिसू लागले. डॉक्टर म्हणतात, पडद्यात रक्त उतरले आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागेल. घरातील सर्वजण घाबरले आहेत. काय करावे?'

अशी विचारणा २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर माझ्याकडे अनेकदा झाली. अशा रुग्णांपैकी काहींचे उपचार पुढे बराच काळ चालले आणि 'आणखी किती इंजेक्शने?' हा प्रश्न त्यांच्या नातेवाइकांच्या तोंडी कायम राहिला. म्हणून आज या विषयाची जरा सविस्तर माहिती घेऊ.

डोळ्याच्या आतील बाजूस कॅमेऱ्यातील फिल्मसारखा एक नाजूक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. रोहिणी त्याला रक्त पुरवते आणि नीला ते परत नेते. पडद्यावर ज्या ठिकाणी या दोघी एकमेकींना ओलांडतात, तिथे त्यांचे बाहेरचे आवरण एकच असते. रक्तदाबामुळे रोहिणी कडक झाली की खालची नीला दबते, तिच्यातील प्रवाह मंदावतो आणि तिथे गुठळी धरते. शेतातल्या पाटात पुढे दगड अडकला की मागचे पाणी बांध फोडून वाफ्यात पसरते, तसेच रक्त आणि पाणी पडद्यात झिरपते. पडद्याच्या मध्यबिंदूला सूज आली की अक्षरे आणि चेहरे पुसट होतात. दुखत मुळीच नाही, त्यामुळे 'अशक्तपणा असेल' किंवा 'मोतीबिंदू असेल' असे म्हणून महिना सहज निघून जातो. दुसरा डोळा चांगला असल्याने कित्येकांना एक डोळा गेल्याचे कळतही नाही. वाचकांनी आत्ताच एकेक डोळा हाताने झाकून समोरचे कॅलेंडर वाचून पाहावे.

यात कोरोनाचा काय संबंध? या विषाणूने फुप्फुसाबरोबर रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरालाही सूज येते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणूनच दवाखान्यात दाखल रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शने देत असत. शिवाय प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना स्टिरॉइड द्यावे लागले. त्याने अनेकांचे प्राण वाचले, पण साखर वाढली. तरीही सगळा दोष कोरोनावर टाकणे मला पटत नाही. नीला बंद होण्याची जुनी कारणे म्हणजे वय, रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू आणि वाढलेली चरबी. माझ्याकडे आलेल्या अनेकांचा रक्तदाब आधीपासूनच वाढलेला होता, फक्त कोणी मोजला नव्हता. कोरोनातून बरे झालेल्या बहुसंख्य लोकांना हा त्रास होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता उपचार. नीलेतील गुठळी काढून टाकणारे खात्रीचे औषध आज नाही. ॲस्पिरिनच्या गोळीनेही ती विरघळत नाही. (हृदयविकारासाठी ही गोळी चालू असेल तर ती मनाने बंद मात्र करू नये.) उपचार होतो तो सुजेवर. उपाशी पडलेला पडदा एक रसायन सोडतो. त्याने वाहिन्या गळतात आणि पुढे नको तिथे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. हे रसायन अडवणारी औषधे म्हणजे बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट. पहिले मूळचे आतड्याच्या कर्करोगावरचे, पण डोळ्यासाठी सर्रास वापरतात आणि ते स्वस्तही पडते. मात्र एका बाटलीतून अनेकांचे डोस काढायचे असल्याने स्वच्छतेची शिस्त कडक हवी. काहींना स्टिरॉइडची बारीक कांडी डोळ्यात बसवतात. तिचा परिणाम काही महिने टिकतो, पण डोळ्याचा दाब वाढण्याची आणि मोतीबिंदूची शक्यता असते.

इंजेक्शनची भीती स्वाभाविक आहे. डोळ्यात सुई म्हटले की धडधाकट पहिलवानसुद्धा खुर्चीतून उठतो! प्रत्यक्षात थेंब टाकून डोळा बधिर करतात, आयोडीनच्या औषधाने धुतात आणि पांढऱ्या भागातून अतिशय बारीक सुईने औषध सोडतात. हे काम काही सेकंदांचे असते. नंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर घाबरू नये, तो आपोआप जातो. पण पुढील आठवडाभरात डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ती जंतुसंसर्गाची खूण असू शकते. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात नुकताच येऊन गेला असेल, तर ते इंजेक्शनपूर्वी जरूर सांगावे.

खरी अडचण पुढे येते. एक इंजेक्शन सहसा पुरत नाही. औषध उतरले की सूज परत येते, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला तपासणी आणि गरजेप्रमाणे इंजेक्शन लागते. एका शेतकरी गृहस्थांची मुख्य नीला बंद पडली होती. दोन इंजेक्शनांनी त्यांना घड्याळातले काटे दिसू लागले. पेरणीचे दिवस आले आणि त्यांनी येणे थांबवले. दिवाळीच्या सुमारास ते आले तेव्हा डोळा लाल झाला होता आणि असह्य ठणकत होता. बुबुळावर नव्या वाहिन्या फुटून डोळ्याचा दाब भयंकर वाढला होता. वेदना कमी करता आल्या, नजर मात्र परत आणता आली नाही. या काचबिंदूला जुने डॉक्टर 'शंभर दिवसांचा काचबिंदू' म्हणत, कारण उपचार न केल्यास तो साधारण तीन महिन्यांनी डोके वर काढतो. वेळेवर इंजेक्शन आणि लेसर केल्यास तो बहुधा टाळता येतो.

नीलेऐवजी रोहिणी बंद पडली तर एका डोळ्यापुढे क्षणात अंधार होतो. ही गोष्ट पक्षाघाताइतकीच तातडीची आहे. चष्म्याच्या दुकानात न जाता, तासाभराचाही विलंब न करता, पक्षाघाताचे उपचार होतात अशा मोठ्या रुग्णालयात जावे.

तपासणीला जाताना कोरोनाच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटे आणि साखरेचा ताजा रिपोर्ट न्यावा. पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते, म्हणून सोबत कोणीतरी असावे आणि स्वतः मोटारसायकल चालवत येऊ नये.