गणकयंत्राला सूत्र शिकवताना

मुलांनो, त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठाऊक असतील, तर उंची न मोजताही क्षेत्रफळ काढता येते. त्यासाठी हिरोचे सूत्र आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपल्या ग्रंथात त्याची सिद्धता दिली होती.

आलेख काढणाऱ्या गणकयंत्रात हे सूत्र साठवता येते. असे पहिले यंत्र कॅसिओ कंपनीने १९८५ साली विक्रीस आणले. त्यात प्रोग्रॅमसाठी जेमतेम ४२२ पायऱ्यांची जागा होती. आपल्या सूत्राला तेवढीही लागत नाही. यंत्राला क्रमाने सांगायचे: अ, ब, क या बाजू विचार. (अ + ब + क) ÷ २ हे उत्तर 'स'मध्ये ठेव. मग स × (स − अ) × (स − ब) × (स − क) याचे वर्गमूळ दाखव.

आता १३, १४, १५ या बाजू द्या. स = २१ आणि क्षेत्रफळ ८४. हे आधी वहीत करून पाहा. उत्तर हाताशी असल्याशिवाय नव्या प्रोग्रॅमवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

समजा, पहिला कंस राहून गेला. यंत्र भागाकार आधी करते, म्हणून फक्त १५ चे निम्मे होईल. 'स' ३४.५ होईल आणि पडद्यावर सुमारे ५४४.५ उमटेल. यंत्र जराही कुरकुरणार नाही! पण तुम्ही विचार करा. १३ आणि १४ या बाजूंमध्ये काटकोन असेल, तेव्हा क्षेत्रफळ सर्वांत जास्त, म्हणजे ९१ होते. मग ५४४ कोठून येणार?

३, ४, ८ या बाजू दिल्या, तर मात्र यंत्र चूक दाखवते. का बरे? तेवढ्या सेंटिमीटरच्या तीन काड्या कापा आणि त्रिकोण जुळवून पाहा.