चौथी तार आणि चढते स्वर

चि. भाचीस,


युकुलेलीवर कॉर्ड धरून तारा वरून खाली क्रमाने छेडल्या तरी स्वर चढत का नाहीत, असं तू विचारलंस. दोष बोटांचा नाही, वाद्याची रचनाच तशी आहे.

जी, सी, ई, ए या जुळणीतली चौथी, म्हणजे वादकाच्या हनुवटीकडची 'जी' तार खर्जातली नसते. ती सी आणि ई या दोन्हींपेक्षा उंच असते. सर्वांत खालचा स्वर तिसऱ्या तारेवर सापडतो. या रचनेचं मूळ वाद्याच्या जन्मकथेत आहे. ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेवन्सक्रॅग' जहाजातून मदेरा बेटावरचे मजूर होनोलुलूला उतरले. त्यांच्यात मान्युएल नुनेससारखे लाकूडकामातले कारागीर होते. त्यांनी आपल्याकडच्या माशेत आणि राजाँव या वाद्यांच्या आधारावर युकुलेली घडवली. (चौथी तार खर्जाची लावलेली युकुलेलीही मिळते, तिचा हिशेब वेगळा.)

घरी पेटी शिकलेल्याला हे सरगमीतून चटकन उमगतं. सी हा सा मानला, तर सी कॉर्डच्या चार तारा वरून खाली प, सा, ग आणि तार सा अशा वाजतात. चढता क्रम हवा असेल तर तिसरी, दुसरी, चौथी, पहिली असं छेडावं: सा, ग, प, सा. उजव्या हाताचं काम मग अंगठा, तर्जनी, अंगठा, मध्यमा असं होतं. जी सेव्हनला याच क्रमाने रे, म, प, नी मिळतात. ए मायनरला मात्र शेवटी दोन ध येतात, कारण चौथी आणि पहिली तार एकाच स्वरावर असते. ही चूक नव्हे. तानपुऱ्याच्या जोडीसारखा तोच स्वर दोन तारांवर किंचित वेगळ्या रंगात ऐकू येतो, आणि तो फरक कानाने टिपण्यासारखा आहे.

तारांचे आकडे पाठ करण्यापेक्षा हे स्वर गुणगुणत छेडणं कितीतरी अधिक फळतं.

या वाद्यावर चौथ्या तारेचं काय करता येतं, हे अमेरिकन वादक जॉन किंग यांनी दाखवलं. त्यांनी बाखचा तिसरा पार्तिता युकुलेलीसाठी बसवला. त्यांची रीत अशी: सलग येणारे स्वर वेगवेगळ्या तारांवर वाटायचे, म्हणजे आधीचा स्वर विझण्यापूर्वी पुढचा त्यात मिसळतो. ही रीत स्पॅनिश गिटारवादक गास्पार सान्स यांच्या १६७४ च्या ग्रंथात आढळते. आर्पेजिओचा, म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक करून छेडण्याचा, जीव याच गुंजण्यात आहे. डाव्या हाताचं बोट घाईने उचललं की तो जातो.

म्हणूनच कॉर्ड बदलताना सगळी बोटं एकदम हलवू नयेत. ए मायनरवरून सीकडे जाताना तिसरी आणि दुसरी तार दोन्हीकडे मोकळीच असते. मधलं बोट चौथ्या तारेवरून उचलायचं ते तिची पाळी आल्यावर, आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका पोचायची ती चौथ्या स्वराला. सगळ्या तारा एकदम छेडणाऱ्या स्ट्रमिंगमध्ये ही सवड मिळत नाही. एफवरून ए मायनरला येताना तर मधलं बोट जागचं हलतही नाही. फक्त तर्जनी उठते.

मेट्रोनोम ६० वर ठेवून आधी ठोक्याला एक स्वर, मग दोन. सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन हे आवर्तन मोबाइलवर रेकॉर्ड करावं आणि अंगठ्याचे स्वर इतरांहून जड येतात का, तेवढंच ऐकावं. बहुधा येतात, ते समान झाल्यावरच लय वाढवावी.

तुझा,
मामा