वारली चित्र : नुसती नक्षी नव्हे!

आधी एक कबुली. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळून घेतल्या असतील अशी आशा! पण हा विषय इंग्रजी विभागात द्यावासा वाटला नाही.

गॅदरिंगच्या आधी होस्टेलच्या मेसची एक भिंत रंगवायचं काम माझ्याकडे आलं. "वारली काढू, सोप्पं असतं," असं मीच म्हटलं. भिंतीला गेरूचा रंग दिला, दोरी-खडूने मोठं वर्तुळ आखलं आणि ३६० भागिले १६, म्हणजे बरोबर साडेबावीस अंशांवर एकेक नाचणारा माणूस बसवला. मधे कॉलेजचा लोगो हवा होता, म्हणून वाजवणारा बाबा वर्तुळाबाहेर, कोपऱ्यात टाकला.

माझी रूममेट डहाणूकडची. ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तारपेवाल्याला कोपऱ्यात का टाकलंस? सगळ्यांची पाठ झाली ना त्याच्याकडे. आमच्यात तसं चालत नाही."

'आमच्यात'! दोन वर्षं एका खोलीत राहून ती वारली आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिने आधी का सांगितलं नसेल, हे विचारायची गरज पडली नाही. पहिल्याच दिवशी सीईटीचा स्कोअर आणि पाठोपाठ कॅटेगरी विचारणारे आपण. कॅटेगरीवरच्या विनोदांना हसणाऱ्यांत मीही होतेच. असो. नंतर महिनाभर ती सांगत गेली, मी वाचत गेले. त्यातून जे शिकले ते इथे मांडते.

आपल्या ड्रॉइंगच्या भाषेत सांगायचं तर वारली चित्रात आकार तीनच : वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आलं, त्रिकोण डोंगर आणि टोकदार झाडांवरून. चौकोन मात्र निसर्गात दिसत नाही. तो माणसाने आखलेला, देवासाठी राखलेला. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. मेकॅनिक्सवाले लगेच म्हणतील, हा तर हिंज झाला! खरंच, म्हणूनच ती माणसं कंबरेतून वळतात, वाकतात, नाचतात.

मूळ चित्र म्हणजे लग्नातला चौक. सवासिनी बायका तो काढतात. शेणाने सारवलेल्या, गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने. चौकात बसते पालघाट देवी, सुफलतेची माता. तिच्याजवळ घोड्यावरचा पंचशिऱ्या. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. हा चौक शोभेसाठी नसतो. त्याच्याशिवाय लग्नच लागत नाही.

ही चित्रं पाड्याबाहेर जगाला माहीत झाली त्यात मोठा वाटा जिव्या सोमा म्हसे यांचा. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. नंतर ते डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यात राहिले. (हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये आहे.) सात वर्षांचे असताना आई गेली आणि मुलाने बोलणंच सोडलं. जे सांगायचं ते धुळीत चित्र काढून सांगायचा. काही वर्षं तीच त्याची भाषा होती. पुढे बायकांचं समजलं जाणारं हे काम त्यांनी केलं, तेही लग्नाची वाट न बघता, रोज!

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर फिरत होते. त्यांनी म्हशांचा हात ओळखला. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये प्रदर्शन झालं, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरचं गाजलेलं प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र जरूर बघा. अख्खा कागद बारीक रेषांनी थरथरतो.

आता चित्रामागची एक गोष्ट. वारली चित्रात वाघ माणसांजवळ शांत बसलेला दिसतो. मला वाटायचं, काढणाऱ्याला वाघ रागीट काढता आला नसेल! गोष्ट अशी सांगतात, गावागणिक थोडी वेगळी : एका कुमारिकेला मुलगा होतो. तो भूक लागली की वाघ होतो आणि गावाची गुरं खातो. लोक आईकडे तक्रार नेतात. आई त्याला रानात धाडते, पण तोडगा काढूनच. गावाने त्याचं ठाणं मांडायचं, वर्षातून एकदा वाघबारशीला त्याचा मान द्यायचा; त्याने गावाला त्रास द्यायचा नाही. तो वाघोबा. ताडोबा आणि चंद्रपूरच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आपल्याला हा करार वेगळा सांगायला नको.

असंच दूर ऑस्ट्रेलियातही झालं. १९७१ मध्ये पापुन्या या वस्तीत जेफ्री बार्डन नावाच्या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या आदिवासी पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. मग ते फळ्यांवर, कॅनव्हासवर काढू लागले. पण जी चिन्हं फक्त जाणत्यांनीच बघायची, ती परक्यांच्या भिंतीवर लागतायत हे लक्षात आल्यावर त्यांनी ती ठिपक्यांखाली झाकायला सुरुवात केली. आपल्याला सुंदर डिझाइन वाटणाऱ्या ठिपक्यांमागे काही वेळा न सांगितलेली गोष्ट असते.

हे वाचलं आणि मला माझी रूममेट आठवली. दोन वर्षं तीही झाकूनच राहिली होती.

गॅदरिंगला दोन दिवस असताना आम्ही भिंत पुन्हा रंगवली. या वेळी ब्रश तिच्या हातात, मी रंग कालवायला. तारपा सुकलेल्या दुधी भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडाच्या पानांचा असतो, हे काढता काढता सांगत तिने वाजवणारा मधोमध बसवला. नाचणारे त्याच्याभोवती वळत गेले, तोंडं त्याच्याकडे. तिने वर्तुळ जोडलं नाही, शंखासारखं उघडं ठेवलं. "अजून कुणाला यायचं असेल तर?" एवढंच म्हणाली. कोनमापक लागलाच नाही.

लोगो कोपऱ्यात गेला. कुणाचं काही अडलं नाही.

तेव्हा मेसमध्ये पोळीची वाट बघत उभे असाल, तर एकदा त्या भिंतीकडे नीट बघा. आणि कपावर, कुर्त्यावर, पिशवीवर वारली दिसली, तर 'छान आहे' म्हणण्याआधी विचारा, यात गोष्ट कोणती आहे? सांगणारं माणूस कदाचित तुमच्याच खोलीत असेल.