बटाईचं शेत आणि आतल्या ओळी

खानदेशात शेत बटाईने देताना कागद करायची रीत नाही. आखाजीच्या सुमाराला शब्द ठरतो, बी-खताचा खर्च कुणी किती घालायचा ते बोललं जातं, आणि मृगाचा पाऊस पडला की कसणारा शेतात उतरतो. तळोदा तालुक्यात हे मी लहानपणापासून पाहत आलो. ज्याचा मुलगा सुरतेला, ज्याची नोकरी नंदुरबारला, जो म्हातारा झाला, त्याची जमीन दुसराच कसतो. मालक आला तर कापूस वेचणीच्या वेळी येतो, हिशेब घेतो आणि जातो.

माझ्या भाच्याचं असंच होतं. वडील गेल्यावर सातबारा त्याच्या नावावर झाला, पण त्याचं पोट सुरतेच्या कापड बाजारावर. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं ते शेत त्याने ओळखीतल्या एकाला निम्म्या बटाईने दिलं. कापूस आणि मधे तूर, असं ठरलं होतं. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी पोलीस आले. बाहेरच्या ओळी कापसाच्याच होत्या. आत शिरल्यावर तुरीच्या आडोशाला गांजाची झाडं उभी होती, माणसाच्या डोक्याला लागतील इतकी. बटाईदाराला अटक झाली, शेतावर झोपडी करून राहणाऱ्या मजुराला झाली आणि सुरतेहून बोलावून माझ्या भाच्यालाही झाली. त्यानंतर वकील, कोर्ट, तुरुंगातली भेट ही सगळी धावपळ माझ्या वाट्याला आली. त्या धावपळीत जे कळलं ते जमीन बटाईने देणाऱ्या आणि घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असायला हवं, म्हणून लिहितो आहे.

हे आमच्याच शिवारात घडलं असं नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्याच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात पोलिसांनी गांजाची शेती कितीदा तरी उपटून जाळली आहे. डोंगराची आडवळणं, मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि कोरडवाहू पिकाला न मिळणारा भाव. या तिन्हींचा हिशेब ज्याला कळतो तो माणूस बाहेरून येतो, बी देतो, थोडी उचल देतो आणि माल उचलायची हमी देतो. छापा पडतो तेव्हा तो शेतात नसतो. आमच्या प्रकरणातही बी आणणारा कोण, हे आजवर कोर्टासमोर आलेलं नाही. तुरुंगात गेली ती शेतावरची माणसं.

कायदा काय म्हणतो ते मला वकिलांनी पहिल्या भेटीत सांगितलं आणि नंतर मी स्वतः वाचून काढलं. १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्या कलम ८ प्रमाणे गांजाचं झाड लावणंच गुन्हा आहे. लागवडीला कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. किती झाडं, याला तिथे सूट नाही. बांधावरची दोन झाडंही लागवडच. काही जण म्हणतात, आम्ही पानंच वापरणार, भांग तर महादेवाला चालते आणि उत्तरेत परवान्याच्या दुकानात विकली जाते. खरं आहे, शेंड्याशिवायची नुसती पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. पण झाड लावायची मनाई पान कशाला वापरणार हे विचारत नाही, आणि महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचंही बंधन आहे. भांगेचा आधार घेऊन कुणी रोप लावत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

व्याख्येचा मुद्दा पुढे मात्र फार कामाला येतो. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. जप्तीच्या वेळी आमच्याकडे झाडं उपटली ती मुळं, खोड आणि चिकटलेल्या मातीसकट ओली वजनाला लावली. एक किलोपर्यंतचा गांजा अल्प मात्रा आणि वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा. व्यापारी मात्रा ठरली की शिक्षा किमान दहा वर्षं आणि वीस वर्षांपर्यंत. जामिनाला कलम ३७ ची अट लागते: आरोपी दोषी नाही आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, असं मानायला कोर्टाला सबळ कारण दिसलं पाहिजे. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना नव्वदऐवजी १८० दिवस मिळतात. म्हणजे खोडाचं आणि मातीचं वजन शेंड्यांच्या वजनात मिसळलं तर माणूस किती दिवस आत राहतो, हे त्या तराजूवर ठरतं. अख्ख्या झाडांचं वजन धरून व्यापारी मात्रा म्हणता येते का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या काही प्रकरणांत आरोपीच्या बाजूने विचारात घेतला आहे. तेव्हा कुटुंबातल्या कुणावर अशी वेळ आली तर वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा: शेंडे वेगळे करून तोलले का? कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर यादी, फोटो आणि नमुने झाले का? पंचनाम्यात झाडं कुठल्या अवस्थेत होती असं लिहिलं आहे? आम्ही हे विचारलं तेव्हा बराच काळ उलटून गेला होता.

आता भाच्याचं. तो त्या हंगामात शेतात पाय ठेवायला आलाही नव्हता, तरी त्याचं नाव सातबाऱ्यावर होतं. कलम ५४ मधलं गृहीतक वाचलं तेव्हा मला थोडा धीर आला. माणसाने ज्या जमिनीची लागवड केली तिच्यावर गांजाचं झाड सापडलं तर गुन्हा त्याने केला असं कोर्ट उलट पुरावा येईपर्यंत धरू शकतं. तिथे प्रश्न कसतो कोण हा आहे. मग कसणारा दुसरा होता हे दाखवायचं कसं? कागद तर नव्हताच. भाच्याला हात दिला तो त्याच्या कामावरच्या हजेरीने, पगाराच्या नोंदींनी, आणि बटाईदाराने खताच्या पैशांसाठी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या निरोपांनी. एवढ्यावर त्याला जामीन मिळाला. खटला चालू आहे.

कागद का करत नाहीत, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. कूळ लागेल ही भीती. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमीन मिळाली, त्याच्या गोष्टी आमच्या घराघरात आहेत, आणि तेव्हापासून मालक कसणाऱ्याचं नाव कुठेही येऊ देत नाही. ही भीती खोटी नाही. पण तिच्यापायी आपण आपल्या हातचा एकमेव पुरावा टाकून देतो. चांगल्या वकिलाकडून मसुदा करून घ्या. गट क्रमांक, चतुःसीमा, हंगाम, ठरलेलं पीक, वाटा, दोन साक्षीदार, आणि ठरलेल्या पिकाखेरीज काहीही लावायचं नाही ही स्पष्ट अट. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर आणखी जपा. तळोदा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाड्यानेसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा तर वारसाखेरीज कुणाकडे जातच नाही. अशा जमिनीवर तोंडी बटाई करून कुणी गांजा लावला, तर पट्टा मिळवायला वर्षानुवर्षं झगडलेलं कुटुंब कोर्टाच्या चकरांत अडकतं. मला सगळ्यात जास्त काळजी या घरांची वाटते.

ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे. मोबाईलवर शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा असतो, त्यात जागेची नोंद होते. पुष्कळ जण शेजाऱ्याला सांगून उरकतात. स्वतः जाऊन करा, आणि फोटो काढायच्या आधी शेताच्या मधोमध चालत जा. बांधावरून दिसतं ते पीक बाहेरच्या ओळींचं असतं.

जायचं केव्हा? हे झाड दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येतं. हिमाचलच्या मलाण्यात थंडी उतरायच्या आत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, लोक त्याचा माल काढतात. आपल्याकडे पावसाबरोबर वर आलेलं झाड नवरात्रानंतर शेंडे धरतं आणि त्याचा उग्र वास लपत नाही. म्हणून पोळ्याच्या सुमाराला एक चक्कर आणि दसरा-दिवाळीच्या मधे दुसरी, एवढं तरी मालकाने करावंच. पोळ्याला झाड लहान असतं, पण पान ओळखू येतं.

पान ओळखण्यात एक गफलत होते, ती अंबाडीची. आपल्याकडे ज्वारी-कापसाच्या कडेला अंबाडी लावतात, तिचं पानही हाताच्या बोटांसारखं चिरलेलं असतं. शास्त्रीय नावातसुद्धा ते साम्य उतरलं आहे. पण अंबाडीच्या पानाचे भाग देठाजवळ एकमेकांना जोडलेले असतात, तिच्या देठाला बारीक काटे, आणि फूल मोठं, पिवळसर, आत गडद डोळा असलेलं. गांजाच्या पानात पाच, सात किंवा नऊ पानोळे देठापासून सुटे निघतात, प्रत्येकाची कड करवतीसारखी दातेरी, आणि फूल असं डोळ्यात भरत नाही, शेंड्याला हिरवे चिकट झुबके येतात. तुरीला तीनच पानोळे असतात, तेही बिनदातेरी. एवढं घरातल्या सगळ्यांना, वेचणीला जाणाऱ्या बायांनाही माहीत असू द्या. आत काय उभं आहे हे आधी त्यांनाच दिसतं.

अलीकडे बी देणारा माणूस वेगळ्या गोष्टी सांगायला लागला आहे. उत्तराखंडात सरकार परवाना देतं, त्याच्या धाग्याचं कापड होतं, बियांची चटणी पहाडात घरोघरी खातात, मग आपण का नको? उत्तराखंडाबद्दलचं तो खरंच सांगतो. २०१८ पासून तिथे औद्योगिक वाणाच्या लागवडीला परवाने दिले गेले, आणि नशेचं द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत असावं अशी अट आहे. कायद्याच्या कलम १४ मध्ये धाग्यासाठी आणि बियांसाठी अशी परवानगी द्यायची सोय आहे. पण ते ०.३ टक्के पान पाहून किंवा पुडीवरचा मजकूर वाचून कळत नाहीत, प्रयोगशाळेत कळतात. आणि दुसऱ्या राज्याचा परवाना तळोद्याच्या शेताला लागू होत नाही. जो माणूस परवान्याची गोष्ट सांगतो त्याला तुमच्या गट क्रमांकावरचा, तुमच्या नावाचा, शासनाच्या सहीचा कागद दाखवायला सांगा. तसा कागद आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या हातात मी आजवर पाहिलेला नाही.

आणि समजा, चक्कर मारताना झाड दिसलंच. पहिला विचार येतो उपटून जाळून टाकण्याचा. तसं करू नका. झाड उपटताना ज्याच्या हातात सापडतं त्याच्यावरच संशय जातो, आणि कोणी लावलं याचा पुरावाही जळतो. लांबून फोटो काढा आणि त्याच वेळी पोलिसांना कळवा. ११२ वर, किंवा केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या १९३३ या क्रमांकावर. लेखी अर्जाची पोच घ्या. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीतल्या अशा लागवडीची खबर ताबडतोब देणं जमीनधारकाचं कर्तव्य आहे, आणि माहीत असून गप्प बसणं हाच गुन्हा. कलम ४७ हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकतं, तेव्हा पोलीस पाटलाला सांगितल्यावर त्यालाही गप्प राहता येत नाही. बटाईदार नात्यातला असेल तर जीव तुटतो, हे मला कळतं. तरी खबर द्या. त्याच्या वकिलाचा खर्च नंतर उचला, हवं तर.

राहिला तो मजूर. झोपडी त्याची, म्हणून पहिला हात त्याच्यावर पडला. त्याची बायको दोन लहान मुलं घेऊन कोर्टाच्या आवारात बसलेली असायची आणि वकिलाला द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीत असलेल्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. जमातीचा दाखला, आधार आणि गुन्ह्याचा क्रमांक घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, किंवा १५१०० वर फोन करायचा. मी तिच्याबरोबर गेलो आणि तिला वकील मिळाला. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा, आणि पाड्यावर ज्यांना वाचता येत नाही त्यांना ग्रामसभेत तोंडी सांगा.