फ्लॉरेन्सच्या लग्नात कॅमेरा कुठे धरावा

झरी, ता. जि. परभणी

चि. बाळूस,

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात होणाऱ्या एका भारतीय लग्नाच्या शूटिंगसाठी मुंबईच्या कंपनीने तुला बोलावलं आहे, हे वाचून बरं वाटलं. जा, असंच मी म्हणेन. पण कंपनीच्या जुन्या फिल्म पाहून तू जो बेत केला आहेस, की निम्मी मेहनत घुमट, पूल, नदी आणि ड्रोनवर घालायची, तो मला पटलेला नाही. शहर जितकं जुनं आणि देखणं असेल, तितकं लग्न टिपणाऱ्याने त्याच्या मोहातून सुटून विधीकडे आणि माणसांकडे वळलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ते का, ते सविस्तर लिहितो. तुला जिथे पटणार नाही तिथे खुशाल उलट लिही.

पहिलं कारण हे, की त्या शहराची चित्रं कधीच टिपून झाली आहेत. ब्रुनेलेस्कीने बांधलेला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट १४३६ साली पुरा झाला. त्याच शहरात १८५२ मध्ये आलिनारी बंधूंनी फोटोचा कारखाना सुरू केला आणि तिथल्या इमारती, पुतळे, चित्रं काचेच्या प्लेटांवर इतक्या बारकाईने उतरवली की पुढे जगभरच्या कलेच्या पुस्तकांत तीच छायाचित्रं छापली गेली. १९८२ पासून शहराचा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि आता तर तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. तो घुमट उद्याही तिथेच असेल आणि तुझ्याहून चांगल्या लेन्सने कुणीतरी टिपेलच. अंतरपाट खाली येताना नवरीच्या आजीच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते मात्र एकदाच उमटणार आहे, आणि ते टिपायला त्या क्षणी तुझ्याशिवाय कुणीही उभं नसेल. इटलीतलंच एक लग्न बघ. दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न नोव्हेंबर २०१८ मध्ये कोमो सरोवराकाठच्या व्हिला देल बाल्बियानेल्लोमध्ये झालं. एक दिवस कोंकणी पद्धतीने, दुसऱ्या दिवशी सिंधी पद्धतीने. त्या लग्नाची फिल्म लोकांना पाहायला मिळाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, करण जोहरच्या कार्यक्रमात, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी. सरोवराची आणि त्या व्हिलाची चित्रं तोवर साऱ्या जगाने पाहून झाली होती. तरीही लोक ती फिल्म पाहायला बसले, कारण त्या दोन घरांतली माणसं त्या दिवशी एकमेकांशी कशी वागली, काय बोलली, कुठे गहिवरली, हे दुसरीकडे कुठेच पाहायला मिळणार नव्हतं.

दुसरं कारण कायद्याचं आहे, आणि तुमच्या धंद्यातली मंडळी ते फारसं ध्यानात घेत नाहीत. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या सातव्या कलमानुसार, ज्या रूढीत सप्तपदी आहे तिथे वधूवरांनी मिळून सातवं पाऊल टाकलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं. विधी झालेलेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह होत नाही, आणि लग्न म्हणजे नाचगाण्याचा, खाण्यापिण्याचा समारंभ नव्हे, असं न्यायालयाने त्या निकालात म्हटलं. आता परदेशातल्या लग्नाचा विचार कर. पाहुणे मोजके, गावची माणसं नाहीत, भटजी विमानाने आणलेले. इथे झरीत लग्न लागलं तर अक्षदा टाकणारे शेकडो साक्षीदार असतात आणि पुढची पन्नास वर्षं त्यातले काही तरी गावातच सापडतात. तिथली माणसं मात्र दुसऱ्याच दिवशी चार देशांत पांगतात. म्हणून तुझ्या फिल्मवर साक्षीचं ओझं येतं. सातवं पाऊल पडत असताना तुझा एक कॅमेरा छतावरच्या कोरीव कामावर आणि दुसरा हवेत असेल, तर जे टिपायला तुला नेलं तेच निसटलं म्हणायचं. होमाच्या दोन्ही अंगांना एकेक कॅमेरा, भटजींना आणि नवरीच्या वडिलांना स्वतंत्र माईक, आणि विधी संपेपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही, एवढं आधीच ठरवून घे. आवाजाकडे विशेष लक्ष दे. तिथे चर्चच्या घंटा वाजतात आणि त्या मंगलाष्टकं संपायची वाट पाहत नाहीत.

तिसरं म्हणजे ते शहरच तुला मोकळं रान देणार नाही. ड्रोनचे नियम युरोपभर कडक आहेत. चालकाची नोंदणी हवी, इटलीत विमाही हवा, आणि जमलेल्या गर्दीच्या डोक्यावरून नेहमीच्या परवानगीत उडवताच येत नाही. शिवाय फ्लॉरेन्सचा विमानतळ शहराला लागूनच आहे. इटलीच्या २००४ च्या वारसा कायद्यानुसार सरकारी मालकीच्या कलावस्तूंचं चित्र धंद्यासाठी वापरायचं तर परवानगी आणि शुल्क लागतं. मायकेलएंजेलोच्या डेव्हिड पुतळ्याची प्रतिमा मुखपृष्ठावर वापरल्याबद्दल एका मासिकाच्या प्रकाशकाला २०२३ मध्ये फ्लॉरेन्सच्याच न्यायालयाने भरपाई द्यायला लावली. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असतो, म्हणून सामान किती आणि कोण कुठून उचलणार याचा हिशेब आधी लागतो. जुन्या वाड्यात उघडा अग्नी पेटवायला मालकाची संमती लागते, आणि ती नसेल तर होम ऐनवेळी बागेत हलतो. तुझी सगळी प्रकाशयोजना त्याच्यामागे फरफटते. उजेडाचंही गणित वेगळं. परभणीला जूनअखेर सात वाजता सूर्य मावळतो, तिथे नऊच्या सुमारास, आणि डिसेंबरात पावणेपाचच्या आतच. गोरज मुहूर्त धरला असेल तर तो तिथल्या सूर्यास्तावर काढलेला आहे ना, हे नवरीकडच्यांना आत्ताच विचार. इथल्या वेळेतून उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास वजा करून मोकळं होता येत नाही. या साऱ्या अडचणींतून जो वेळ उरतो तो इतका थोडा असतो की तो कुठे खर्चायचा हे आधी ठरवलेलंच बरं.

यावर तू म्हणशील, मामा, यजमान एवढे पैसे त्या शहरासाठीच मोजतात. शहर दिसलं नाही तर ते कंपनीला जाब विचारतील. हा आक्षेप खरा आहे, मी तो झटकून टाकत नाही. शहर दाखवच. पण आदल्या पहाटे, गल्ल्या रिकाम्या असताना एकट्याने फिरून घे, नदीपलीकडच्या पियात्साले मिकेलांजेलोवरून सबंध शहर एका नजरेत येतं ते घे, आणि लग्नाच्या दिवशी शहराला माणसांच्या मागे राहू दे. खिडकीत उभ्या नवरीच्या मागे घुमट दिसला की दोन्ही साधतं. तुझा दुसरा आक्षेप रीलचा असेल. आजकाल तासाची फिल्म कोण पाहतो, मिनिटभराचं रीलच फिरतं. फिरू दे. रील परक्यांसाठी असतं, त्याची मुदत आठवडाभर. पूर्ण फिल्म त्या घरासाठी असते, आणि घरातलं माणूस गेल्यावर लोक तीच काढून पाहतात, त्याचा आवाज ऐकायला. दोन्हींचे दर वेगळे ठेव आणि एकापायी दुसरं कापू नकोस.

शहरात राहणाऱ्यांचाही विचार मनात असू दे. जून २०२५ मध्ये जेफ बेझोस यांच्या लग्नासाठी व्हेनिसमध्ये बडे पाहुणे उतरले तेव्हा तिथले रहिवासी निषेधाला उभे राहिले. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची बातमी आली तेव्हा महाराष्ट्र किती खवळला होता आठव. शिवरायांशी जोडलेले किल्ले त्यात नाहीत असा खुलासा सरकारला करावा लागला. आपल्याच जिल्ह्यातल्या वालूरची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, गावकऱ्यांनी गाळ काढून पुन्हा उजेडात आणली. तिथे कुणी प्री-वेडिंगसाठी येऊन पायऱ्यांवर रंगीत धूर सोडला तर वालूरकरांना कसं वाटेल? तसंच फ्लॉरेन्सच्या गल्लीतल्या माणसाला वाटतं. रस्ता अडवून कॅमेरा लावू नकोस आणि कुणाच्या दारासमोर लाईटचे स्टँड उभे करू नकोस.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. तो तुझा नाही, आपल्या भागातल्या कुणाही विचारी माणसाचा आहे. मराठवाड्यात लेकीच्या लग्नापायी जमीन गहाण पडते, कर्ज फिटत नाही म्हणून घरं उद्ध्वस्त होतात, आणि आपला पोरगा श्रीमंतांची उधळपट्टी टिपायला सातासमुद्रापार जातो, हे शोभतं का? मला हा प्रश्न टाळता येत नाही. फ्लॉरेन्समध्ये कुणी स्वतःचे पैसे खर्च केले म्हणून झरीतला शेतकरी कर्जबाजारी होत नाही. तो होतो त्या थाटाची नक्कल त्याच्या दारात विकली जाते तेव्हा. ड्रोन, प्री-वेडिंग, एलईडी स्क्रीन, धुराची एन्ट्री असं पॅकेज करून विकणारा माणूस बहुतेक वेळा शूटिंगवालाच असतो, म्हणजे उद्या तूच. म्हणून तिकडून परत येशील तेव्हा तिथली शिस्त आण, थाट आणू नकोस. जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला, भटजीशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात. त्याचं चलच्चित्र असणं शक्यच नव्हतं. पण कुणाचं लग्न, कुणाशी, विरोध कसा झाला हे नोंदून ठेवलं गेलं, म्हणून दीडशे वर्षांनी आपण त्यावर बोलू शकतो. उलट आजच्या सामूहिक विवाहाचं शूटिंग पाहा. मंचावरचे पुढारी, सत्कार, भाषणं सगळं येतं, आणि जोडप्यांच्या रांगेवरून कॅमेरा एकदा फिरून जातो. आपल्या लग्नात आपण दिसतो का, हे त्यातल्या एखाद्या मुलीने पुढे शोधलं तर तिला स्वतःची ओढणी तेवढी सापडते. फ्लॉरेन्समध्ये एका जोडप्याला जे लक्ष देशील, ते परभणीत प्रत्येक जोडप्याला दोन-दोन मिनिटं दे. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही.

जाण्यापूर्वीची कामं लगेच हातात घे. पर्यटकाच्या व्हिसावर काम करायला जाऊ नकोस, कंपनीकडून योग्य व्हिसाची कागदपत्रं लेखी मागून घे. कॅमेरे आणि लेन्स नेऊन परत आणताना कस्टमला अडू नयेत म्हणून एटीए कार्नेट काढावा लागतो, तो आपल्याकडे फिक्की देते, आणि त्यात प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लागतो. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच चालतात. शंभर वॉट-अवरच्या वरची असेल तर विमान कंपनीची संमती आधी घे. शूटिंग झालं की त्याच रात्री तीन ठिकाणी प्रती कर आणि त्यातली एक दुसऱ्या माणसाच्या बॅगेत ठेव.

आणि करारावर सही करण्याआधी दोन कलमं त्यात घालून घे. विधीच्या वेळी किमान दोन कॅमेरे फक्त विधीवर असतील, हे एक. आणि न कापलेलं सगळं मूळ शूटिंग यजमानांच्या घरी जाईल, कंपनीच्या कपाटात राहणार नाही, हे दुसरं. कंपनी दुसऱ्या कलमाला नाही म्हणण्याची शक्यता जास्त आहे. तसं झालं तर तिचं कारण काय, ते मला लगेच लिहून कळव.

तुझा मामा