सुतारकामाचा धडा : राउटरचा सरळ बिट

सागाच्या फळीला खाच पाडताना एकदा माझ्याच हातून राउटरचा बिट निसटला. 6 मिमीचा दांडा मी पाव इंची कॉलेटमध्ये बसवला होता. फरक केसाएवढा, पण पकड ढिली. फळी वाया गेली, बोटे थोडक्यात वाचली.

तेव्हापासून वर्गातल्या मुलांना सांगतो: आधी प्लग काढा. दांडा कॉलेटच्या मापाचाच घ्या. तो तळाला टेकवा, दोन-तीन मिमी वर ओढा, मग आवळा. सागाला कार्बाइडच्या धारेचा बिट बरा; साधी पोलादी धार लवकर बोथट होते. 12 मिमी खोल खाच एका दमात नको, तीन फेऱ्यांत पाडा. लाकूड करपले, तर धार गेली आहे किंवा हात रेंगाळतो आहे.

मुलांनो, घाई नको. दहाही बोटे शाबूत, तरच सुतारकी पोट भरेल.