गाडीआधी तिचा मालक बघ

गाडी घ्यायची ठरवलीस, फार बरं केलंस. भर पावसात रेनकोट चढवून स्कूटरनं सिंहगड रोडवरून हिंजवडी गाठायची आणि ओल्या कपड्यांनी दिवसभर एसीत बसायचं, हे मला कधीच पटत नव्हतं. आणि पहिली गाडी जुनी घेतेयस, त्यात कमीपणा मुळीच मानू नकोस. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यात जास्त उतरते. ती घट दुसऱ्यानं सोसलेली असते, आणि चांगली गाडी तुझ्या ऐपतीत येते.

पण एक सांगू? तू मला जे फोटो पाठवलेस ते सगळे रंगाचे, सीटकव्हरचे आणि मोठ्या स्क्रीनचे. अगं, जुनी गाडी घेताना आपण आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असतो. त्यानं ऑइल वेळेवर बदललं का, क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकली का, ठोकली तेव्हा नीट दुरुस्त केली की वरवर रंग मारला, हे सगळं गाडीबरोबर तुझ्या दारात येतं. म्हणून आधी मालक बघ, मग मॉडेल.

आता तुझी गरज. रोजचं ऑफिसला जाणं-येणं, तेही सिग्नलला थांबत थांबत, आणि महिन्यातून एकदा आईकडे कराडला. एवढ्यासाठी पेट्रोलच घे. डिझेलचं अ‍ॅव्हरेज ऐकून भुलू नकोस. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. शहरात रखडत चालणाऱ्या गाडीची जाळी तुंबते आणि खर्च मोठा निघतो. सीएनजी हवी असेल तर कंपनीतूनच बसवून आलेली बघ. किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर असलीच पाहिजे. शिवाय सिलेंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं सर्टिफिकेट मागून घे.

साल निवडताना माझा हट्ट आहे तो तुझ्या जिवासाठी. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आली आणि शेजारच्या सीटची २०२१ अखेरपर्यंत सक्तीची झाली. म्हणून २०१९ च्या मध्यानंतरचीच गाडी बघ, आणि दोन एअरबॅग आहेत का ते नीट विचार. आई त्या शेजारच्या सीटवर बसणार आहे. मॉडेल असं घे की ज्याचे पार्ट कराडच्या गॅरेजमध्येही मिळतील. वॅगन आर, स्विफ्ट, ग्रँड आय-टेन, टियागो, अमेझ यांचं काम जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. जी कंपनी आपल्याकडचा धंदा आवरून गेली, तिची गाडी कितीही स्वस्त आणि दणकट असली तरी पहिल्या गाडीसाठी नको. पार्ट शोधत फिरायला तुला वेळ कुठे आहे?

गाडी शोधायची कुठे, तर पहिली चौकशी ओळखीत कर. ऑफिसातल्या ग्रुपवर, सोसायटीत, मामाच्या बँकेतल्या लोकांत. ज्या माणसाला तू दोन वर्षं पार्किंगमध्ये गाडी पुसताना पाहिलंयस, त्याची एकहाती गाडी दहा-वीस हजारांनी महाग असली तरी घ्यावी. त्यानंतर कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दालनं, मारुतीचं ट्रू व्हॅल्यू असतं तशी. तिथं थोडे जास्त पैसे पडतात, पण वॉरंटी मिळू शकते. फक्त त्या वॉरंटीत काय बसतं आणि काय नाही, ते कागदावर वाचल्याशिवाय मान डोलवू नकोस. एजंटकडची गाडी वाईटच असते असं नाही, पण तिथं जुना मालक समोर नसतो. त्याच्याशी फोनवर तरी बोलायला मिळालं पाहिजे. एजंट टाळायला लागला तर ती गाडी सोडून दे.

गाडी बघायला निघण्याआधी घरबसल्या तिचा नंबर तपास. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकलास की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. आरसीचा फोटो मागव. गाडी कितव्या मालकाची आहे आणि तिच्यावर बँकेचा बोजा आहे का, ते त्यावर कळतं. आधी टॅक्सी म्हणून धावलेली गाडी खासगी करून विकतात, तेही विचार. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर थकलेली चलनं बघ. चलनांची रांग असेल तर ती गाडी कशी हाकली गेली ते आपोआप कळतं. दिल्ली पासिंगच्या गाड्या फार स्वस्त दिसतील. तिकडे २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून लोक त्या बाहेर काढतात. पण तिकडची एनओसी आणायची, इथला कर भरायचा, नव्यानं नोंदणी करायची, या सगळ्यात वाचलेले पैसे आणि सुट्ट्या दोन्ही जातात. तू आपली महाराष्ट्र पासिंगचीच बघ.

गाडी बघायला सकाळी उजेडात जा. पाऊस पडत असेल तर जाऊच नकोस, ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. मालकाला आदल्या दिवशीच सांग की गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू. पोचलीस की आधी बॉनेटवर हात ठेव. इंजिन गरम लागलं तर कारण विचार, कारण गाडीच्या बऱ्याचशा खोड्या थंड इंजिन सुरू होतानाच कळतात.

मग गाडीभोवती सावकाश एक फेरी मार. दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? एखाद्या दाराचा रंग शेजारच्यापेक्षा उजळ किंवा खरबरीत वाटतो का? बॉनेट उघडून बोल्टची डोकी बघ. त्यांचा रंग खरवडलेला असेल तर पाना लागलेला आहे. बंपर बदललेला असेल तर चालतं, दाराला पोचा गेलेला असेल तरी चालतं. पण दारांमधले खांब, छप्पर, आणि बॉनेटखालचा पुढचा सांगाडा यांवर वेल्डिंग दिसलं, तर मागं फिर. अपघातात तुला वाचवायचं काम त्याच पत्र्याचं आहे.

आपल्याकडे पुराचीही भीती असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूर, प्रत्येक वेळी कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून बाजारात येतात. अशी गाडी वरून चकचकीत असते, पण तिची वायरिंग आतून गंजत राहते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, टोकाला मातीचा डाग राहतो. कार्पेट उचल, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज बघ, डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघ. आत शिरताच अत्तराचा घमघमाट आला तर काचा बंद करून पाच मिनिटं बसून राहा, कुबट वास वर येतोच. आणि गाडी कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ वाढलेली असेल तर खाली वाकून तळाचा गंज बघितल्याशिवाय उठू नकोस.

मीटरवरच्या आकड्यावर तर डोळे झाकून विश्वास ठेवायचाच नाही. मीटर मागं करून देणारे लोक आहेत. म्हणून तो आकडा दुसऱ्या गोष्टींशी ताडून बघ. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटरची नोंद होते. मालकाला तिथून सर्व्हिसचा इतिहास काढून द्यायला सांग, किंवा बिलांची फाईल माग. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. चार वर्षांची गाडी, मीटर म्हणतं पंचवीस हजार, आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, तर मग पहिले टायर एवढ्यात झिजले कसे? क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कव्हर चकाकलेलं, ड्रायव्हरची सीट खचलेली, या गोष्टी आकड्यापेक्षा खरं बोलतात. विम्याची पॉलिसीही वाच. पाच वर्षं सलग दावा नसेल तर त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस दिसतो. सहा वर्षांची एकहाती गाडी आणि बोनस शून्य असेल, तर काय घडलं होतं ते सरळ विचार.

आता किल्ली तू हातात घे. इग्निशन फिरवलंस की इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा आणि एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेळात विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर तो कुणीतरी बंद करून ठेवलाय, आणि ते जास्त वाईट. सुरू केल्यावर मागचा धूर बघ. निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता मोठी. ऑइलचं झाकण उघड, आतून दुधी चिकटा दिसला तर तिथंच नमस्कार कर. मग किमान अर्धा तास चालव, म्युझिक बंद, आधी काचा खाली आणि मग वर. खड्ड्यातून ने, स्पीडब्रेकरवरून ने, जमलं तर कात्रजचा चढ चढव. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी जोर धरत नाही, तर क्लच प्लेट संपलेली आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धर, गाडी एका बाजूला ओढते का बघ. दुपारी ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभी कर आणि तापमानाकडे लक्ष ठेव.

हे सगळं करूनही शेवटचा शब्द मिस्त्रीचा. तो तू निवडलेला हवा, विकणाऱ्याच्या ओळखीतला नको. त्याला त्याच्या वेळेचे पैसे दे, गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायला लाव आणि स्कॅनर जोडायला सांग. ज्याला आपल्या गाडीची खात्री आहे तो मालक याला नाही म्हणत नाही.

दादाला बरोबर ने, पण प्रश्न तू विचार. बघशील, तू विचारलंस तरी समोरचा उत्तर दादाकडे बघून देईल. तेव्हा गप्प बसू नकोस, तोच प्रश्न पुन्हा शांतपणे विचार. पैसे तुझे आहेत. 'आज टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय' असं म्हणाले तर येऊ दे त्या पार्टीला. मिस्त्रीनं बघेपर्यंत आणि कागद हातात येईपर्यंत टोकन द्यायचं नाही. पुण्यात गाड्यांना तोटा नाही. तीन-चार गाड्यांना नाही म्हणावं लागलं तर त्याला वेळ वाया जाणं समजू नकोस, त्यातूनच तुझी नजर तयार होते.

भाव ठरवताना खिशातले सगळे पैसे गाडीत घालू नकोस. साधारण किमतीचा दहावा हिस्सा बाजूला ठेव. गाडी घरी आली की ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड आणि लागली तर बॅटरी, हे आधी उरकून घे. तिथून पुढचा हिशेब मग तुझा तू ठेवशील.

आता कागद, आणि इथं कंटाळा अजिबात चालणार नाही. आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवून बघ. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. विकणारा 'करू सावकाश' म्हणाला तर त्याला सांग, यात त्याचंच हित आहे. नाव बदललेलं नसताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या घे, म्हणजे आधीची चलनं त्याची आणि नंतरची तुझी. विमाही १४ दिवसांच्या आत तुझ्या नावावर करायला टाक. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असली की गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. फास्टॅग नवा घे, दुसरी किल्ली मागून घे, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आहे ना ते बघ.

आणि शेवटचं. घरात कुणीतरी प्रेमानंच म्हणेल, 'गाडी बाबांच्या नावावर घेऊ, लग्नानंतर परत नाव बदलायची कटकट नको.' ऐकू नकोस. हप्ता तुझ्या पगारातून जाणार, चालवणार तू, विम्याचा बोनस साठणार तो मालकाच्या नावावर. मग मालक तूच हो. पुढं कधीतरी ही गाडी विकशील, तेव्हा एखादी मुलगी तुझ्याकडे बघायला येईल आणि हेच सगळे प्रश्न विचारेल. तिच्यासमोर निर्धास्त ठेवता येईल अशी बिलांची फाईल पहिल्या दिवसापासून लाव. शनिवारी कुठली गाडी बघायला जातेयस ते मला आजच कळव, नंबर आपण दोघी मिळून तपासू.